मुसफ्फाचा बूस्टवाला

माझ्या नवऱ्याने जन्मात बर्फ पडताना पाहिलेला नाही. तरी गेल्या डिसेंबरात बर्फावर पळवायच्या स्कूटरचा दाब वाढवायचं काम त्याच्याकडेच आलं, कारण अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या गॅरेजांत दाबाचं काम म्हटलं की हिलरीचंच नाव निघतं. त्याला तिथे बूस्टवाला म्हणतात. आडनाव कुणाला ठाऊक नाही.

हिलरी वसईकडच्या गासचा. घरची केळीची वाडी, विहिरीवर डिझेलचा पंप. पंप सुरू झाला नाही की त्याचे वडील त्याला शाळेतून बोलावून न्यायचे. मास्तर म्हणायचे, "जा रे, तुझा पेशंट आलाय." बाराव्या वर्षी तो पंपाला कान लावून सांगायचा की वॉल्व्ह अडकलाय की डिझेलात पाणी गेलंय. पुढे नालासोपाऱ्याच्या एका वर्कशॉपात पाच वर्षं काढली आणि मग रास अल खैमाला आला, सिमेंटच्या ट्रकांवर. सिमेंटची धूळ टर्बोत जाते, आतलं पातं घासायला लागतं, पण पार बिघडेपर्यंत ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. हिलरीला लागायचा. ट्रक गेटातून आत वळत असतानाच तो चहाचा कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "याचा टर्बो आठवड्यात जाणार." आठवड्यात तो जायचा. पुढे तो मुसफ्फाला आला.

टर्बो म्हणजे काय, ते त्याने मला लग्नानंतर कुकर पुढ्यात ठेवून समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. किती कोंबायची ते एक स्प्रिंग ठरवते, कुकरच्या शिट्टीचं वजन ठरवतं तसं. स्प्रिंग कडक केली की दाब वाढतो आणि गाडी उडते. फार कडक केली तर पेट्रोल वेळेच्या आधी पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं.

"पण इंजिन आधी सांगतं," तो म्हणाला. "तेलात मोहरी तडतडते ना, तसं. बारीक. नॉक म्हणतात त्याला. ते ऐकायचं आणि लगेच मागे यायचं."

"आणि ऐकू नाही आलं तर?"

"तर मला पगार कशाचा देतात?"

ऐकण्यासाठी त्याने स्वतःच एक साधन बनवलं होतं. तांब्याची नळी एका टोकाला चेपून इंजिनावर बोल्टने आवळायची. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप आणि पाइपाला कानावर घालायचे जुने मफ. गॅरेजचे मालक तहाशेठ श्रीवर्धनचे, वडिलांचं गॅरेज चालवतात, हिलरीपेक्षा बारा वर्षांनी लहान. ते दरवर्षी म्हणायचे, "हिलरीभाय, ऐकायचं मशीन येतं आता, स्क्रीनवर दाखवतं. घेऊ या." हिलरी म्हणायचा, "कशाला? कान आहेत ना."

आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. मी नोकरी केली नाही. घर, चर्च, आमच्या मुलीचा, केलीचा अभ्यास, आणि रोज एक पान वही. सकाळचं वाचन कुठलं होतं, काय रांधलं, कोणाचा फोन आला, एवढंच लिहिते. हे पुढचं त्या वहीवरूनच सांगतेय, म्हणून तारखा पक्क्या आहेत.

ऑक्टोबर हा माळेचा, रोझरीचा महिना. आमच्याकडे रोज संध्याकाळी सातला माळ होते. अर्धी प्रार्थना मी म्हणायची, उरलेली अर्धी हिलरी आणि केलीने. अकरा ऑक्टोबरला केली क्लासला होती आणि माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी हिलरीच्या मागे खुर्चीवर बसले. तो घरातल्या आल्ताराकडे तोंड करून जमिनीवर. तिसऱ्या रहस्यात, म्हणजे तिसऱ्या दहा मण्यांत, मला खोकला आला आणि मी प्रार्थनेच्या मध्येच थांबले. चार शब्द झाले होते, बाकीचे राहिले होते. हिलरीने आपल्या वेळेला "पवित्र मरिये" सुरू केलं, नीट शेवटपर्यंत म्हटलं आणि बोटांतला मणी पुढे सरकवला.

मी पुढच्या मण्याला तोंडच उघडलं नाही. त्याने तेवढाच वेळ वाट पाहिली आणि आपली अर्धी प्रार्थना म्हटली. त्याच्या पुढच्या मण्यालाही तसंच. असे सात मणी झाले. आठव्याला मी उठून त्याच्या समोर जाऊन बसले. त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे, आणि माळ मांडीवर ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उरलेली म्हणू या आधी," तो म्हणाला. आम्ही उरलेली म्हटली.

केली आल्यावर तिला सांगितलं. ती बॅग ठेवत म्हणाली, "मम्मा, ही डझन्ट हिअर द मायक्रोवेव्ह. ही डझन्ट हिअर द डोअरबेल. आय थॉट यू न्यू."

क्लिनिकमध्ये एका काचेच्या खोलीत बसवून त्याला आवाज ऐकवले. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते, तो बटण हातात धरून शांत बसला होता, बस येईल म्हणून बसल्यासारखा. डॉक्टरणीने कागदावरची रेघ दाखवली. जाड आवाज येतात, बारीक गेलेत, दोन्ही कानांचे. बोलणं कळतं कारण तो तोंडाकडे बघतो. यंत्र लावलं तर बोलायला मदत होईल, गेलेलं परत येणार नाही. वहीत त्या दिवशी छोले भिजत घातल्याचं लिहिलंय. रिपोर्टचं लिहिलेलं नाही.

घरी येताना टॅक्सीत हिलरी म्हणाला, "यंत्र नको. तहाने कानात बघितलं की खलास. केलीची बारावी मार्चला संपते. तोवर गप्प राहा."

त्याची नोकरी गेली की व्हिसा जातो, त्याचा गेला की आमचा दोघींचा जातो. हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी गप्प राहिले.

नोव्हेंबरच्या शेवटी हिलरीने दाब लावलेली, वाळूत पळवायची एक बग्गी लिवाच्या वाळवंटात बंद पडली. पिस्टनला भोक. बग्गीवाला दोन मित्रांबरोबर होता, म्हणून सहा तासांत बाहेर आला. तहाशेठ म्हणाले, पेट्रोल खराब असणार. हिलरी म्हणाला, हो, पेट्रोल असेल. हे त्याने मला जेवताना सांगितलं आणि ताटातली बोंबलाची मान तेवढी बाजूला काढली.  दुसऱ्या दिवसापासून त्याची झोप गेली.

मग ती बर्फाची स्कूटर आली. गिऱ्हाईक अल ऐनचा एक लोकल, म्हणजे इथलाच अरब माणूस, सईद नावाचा. त्याच्या वाळूतल्या बग्गीचा दाब हिलरीनेच मार्चमध्ये लावला होता. आता त्याने ही स्नोमोबाईल घेतली होती, जानेवारीत जॉर्जियाच्या डोंगरांत न्यायला. आठ पौंडांचा दाब होता, त्याला बारा हवा होता. वर तो एकटाच फिरतो, मोबाईलला रेंज नाही, गाडी बंद पडली तर कमरेएवढ्या बर्फातून चालत उतरायचं. हे त्याने गॅरेजात हौसेने सांगितलं होतं. हिलरीने मला ते हौसेने सांगितलं नाही.

"आणि थंड हवा घट्ट असते," तो म्हणाला. "इथल्या हवेत बरोबर लावलं की तिकडे चुकणार. तहाने मासळीवाल्याचा फ्रीझर मागितलाय शनिवारी. उणे अठरा. आत नेऊन चालवणार."

"बरं."

"इसाबेल, तू ऐकशील?"

मी लसूण सोलत होते. सोलून सालं गोळा केली. मग म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं?"

"मोहरी कळते ना."

"नाही हिलरी."

तो आठवडा आगमनकाळाचा, नाताळच्या आधीच्या तयारीचा होता. चर्चमध्ये प्रायश्चित्ताला, म्हणजे पापं कबूल करायला, लांब रांग होती. माझी पाळी आल्यावर मी फादरना हिलरीचं सगळं सांगायला लागले. ते मध्येच म्हणाले, "हे त्याचं झालं. तुझं काय?"

"मला माहीत आहे आणि मी गप्प आहे."

"किती दिवस?"

"ऑक्टोबरपासून."

फादर जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "त्याचं त्याला बोलू दे. तू खोटं बोलू नकोस. एवढं तुझ्या वाट्याचं."

घरी आल्यावर मी हिलरीला समोर उभं करून सांगितलं, "येते मी शनिवारी. पण कुणी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"तुला कोण विचारणार?" तो म्हणाला. त्याला बरंच हलकं वाटलेलं दिसलं.

शनिवारी दहाला आम्ही मासळीच्या गोदामात गेलो. बाहेर ऊन, मी दोन स्वेटर घातलेले, वर हिलरीचं जॅकेट. तहाशेठ हसले. "भाभी, तुम्ही कुठे?"

"तिला बर्फाची स्कूटर बघायचीय," हिलरी म्हणाला.

"बघा बघा. इंजिनावरची नळीपण ऐका. आमचा बूस्टवाला काय ऐकतो रोज, आम्हालापण कधी कळलं नाही."

हिलरीने पाइपाला जोड देऊन दोन मफ लावले होते, एक त्याला, एक मला. स्कूटर पिवळी, पुढे चाकांऐवजी दोन लांब पट्ट्या आणि मागे रुंद रबरी पट्टा. तो पट्टा स्टँडवर उचललेला. शाफ्टला लोड देणारं यंत्र लावलेलं, धुराचा पाइप दाराबाहेर काढलेला. भिंतीला सुरमईच्या पेट्या छतापर्यंत. सईद डोंगरातला जाडजूड सूट घालूनच आला होता. उत्साही माणूस. मला म्हणाला, "वेलकम मैडम, ये मेरा जॉर्जिया," आणि पेट्यांकडे हात केला.

इंजिन सुरू झालं. मफमध्ये आधी नुसता घणघणाट होता, भिंत पडत असल्यासारखा. हिलरीने सांगितलं होतं, मोठ्या आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, तो जाऊ दे, त्याच्या वर काय आहे ते बघ. मी त्याच्या मागे उभी होते आणि त्याच्या स्वेटरचं टोक धरलं होतं. ऐकू आलं की ओढायचं, असं ठरलं होतं.

आठला काही नव्हतं. त्याने स्प्रिंग आवळली. दहाला दोन क्षण गेले आणि कुठेतरी एक दाणा फुटला, मग तीन-चार. मी ओढलं. त्याने छोट्या डब्यावरची बटणं दाबून पेट्रोल वाढवलं, जास्त पेट्रोलाने आतली उष्णता उतरते म्हणून. परत चालवलं, गप्प. परत चालवलं, गप्प. सईदने अंगठा वर केला. माझ्या पायांची बोटं कळेनाशी झाली होती.

मग बारा. या वेळी दाणे वेगळे ऐकूच आले नाहीत. आख्खी फोडणी होती. मी ओढलं, त्याने पेट्रोल वाढवलं. तरी तेच. आणखी वाढवलं. तरी तेच. मी स्वेटर सोडलाच नाही. हिलरीने इंजिन बंद केलं आणि स्प्रिंग सैल करायला लागला.

"क्या हुआ?" सईदने विचारलं.

"दस. बारा नहीं होगा. नॉक है."

"हबीबी, बारा बोला था. दस तो बच्चा लोग चलाता है." सईदने हिलरीच्या डोक्यावरचे मफ काढून स्वतः घातले. "चलाओ."

हिलरीने स्प्रिंग पुन्हा आवळून बाराला पाच सेकंद चालवलं. सईद ऐकून म्हणाला, "कुछ नहीं. इंजिन है, इंजिन का आवाज़ है. ऊपर कोई इसको सुनेगा भी नहीं. यल्ला, बारा रखो."

"नॉक है," हिलरी पुन्हा म्हणाला.

"तुम हर टाइम डरता नहीं था. मेरा बग्गी में एक मिनट में कर दिया था." मग तो माझ्याकडे वळला, हसत, बाईमाणसाला बोलण्यात घ्यावं म्हणून. "मैडम, आप भी तो लगा के खड़ा है. आप बोलो. कुछ सुना?"

तहाशेठही हसत होते. हिलरी माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हां," मी म्हटलं. "दस पे थोड़ा था, फिर बंद हुआ. बारा पे बहुत है. तडतड. बंद नहीं होता."

सईदचं हसू तसंच राहिलं, पण तो आता हिलरीला विचारत होता. "और तुमने?"

हिलरीच्या हातात पाना होता. तो त्याने स्कूटरच्या सीटवर ठेवला. म्हणाला, "मैंने नहीं सुना. मेरा कान गया है. ये सुनी, मेरा कपड़ा खींची, तो मैंने बंद किया."

फ्रीझरचा पंखा फिरत होता. मला वाटलं होतं, हे बोललं गेलं की काहीतरी होईल. बहुतेक मी रडेन असं वाटलं होतं. काही झालं नाही. मी सुरमईच्या पेट्यांवरचे आकडे वाचत होते.

सईदने मफ काढले. त्याला पुढचं समजायला थोडा वेळ लागला, पण समजलं. "मार्च में मेरा बग्गी. वो किसने सुना?"

"किसी ने नहीं," हिलरी म्हणाला.

सईद आपल्या भाषेत हळू आवाजात काहीतरी म्हणाला, बहुतेक देवाचं नाव होतं. "मैं उसमें भाई का लड़का को बिठाता है," असं म्हणून तो दाराकडे गेला. दारातून वळून तहाशेठना म्हणाला, "ये दस पे रखो. बग्गी कल वापस भेजता हूं, आठ पे करो, सात पे करो." हिलरीकडे त्याने पाहिलं नाही. हात द्यायला हिलरीने हात पुढे केला होता, तो त्याने खाली घेतला.

तहाशेठ आम्हाला आपल्या गाडीतून घरी सोडायला निघाले. व्हिलाच्या दाराशी त्यांनी गाडी थांबवली. मग त्यांनी आरशातून मागे पाहिलं, आणि लक्षात आलं तसे पूर्ण वळून बसले, तोंड दिसावं म्हणून.

"कधीपासून, हिलरीभाय?"

"दीड वर्ष. थोडं जास्तच."

"लिवावाला?"

"मीच. पेट्रोल चांगलं होतं."

"माझ्या बापाने तुमच्या कानांवर धंदा उभा केला हो. मला एकदा सांगायचं."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंस?"

तहाशेठनी चावी फिरवून गाडी बंद केली. खरं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "दाबाचं काम खलास. मशीन मागवतो, चालवायला माणूस आणतो. तुम्ही पाइप बसवा, नट आवळा. भाभी, केलीची परीक्षा होईपर्यंत व्हिसाला हात लावत नाही. पुढचं इन्शाल्ला."

हिलरी म्हणाला, "आणि बाकीच्या गाड्या?"

"कुठल्या बाकीच्या?"

"दीड वर्षात मी लावलेल्या. परत बोलवायला हव्यात."

"हिलरीभाय, वेडे झालात? गावभर फोन करून सांगू, आमचा माणूस बहिरा होता म्हणून? उद्या गॅरेजला कुलूप."

"मग माझ्या नावाने करतो. गॅरेजचं नाव घेत नाही."

"फोनवर तुम्हाला ऐकू येईल?" तहाशेठ म्हणाले. रागाने नाही, सहज विचारल्यासारखं. हिलरीने माझ्याकडे पाहिलं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात, करंज्यांचं सारण परातीत निवत ठेवून, मी फोन लावले. हिलरीने आठवून यादी लिहून दिली होती, माणसाचं नाव, मोबाईलमधला नंबर, गाडीचा रंग, किती पौंड. अकरा नावं. मी एकच वाक्य पाठ केलं होतं: मैं हिलरी की वाइफ, मुसफ्फा से, आपकी गाड़ी का बूस्ट ग़लत हो सकता है, चलाना मत, कहीं भी दिखा के कम करवा लो. पहिल्याने विचारलं, कौन हिलरी, और तुम क्या बेचती हो? दुसरा पेशावरचा ड्रायव्हर, त्याने मालकाला निरोप देतो म्हणून सांगितलं आणि दहा मिनिटांनी फोन करून विचारलं, उस्ताद ठीक है ना? एकाने शिव्या दिल्या. एकाने गाडी केव्हाच विकली होती, घेणाऱ्याचा नंबर दिला. चौघांनी हो हो म्हणून ठेवून दिला, त्यांनी दाखवली की नाही, मला माहीत नाही. शारजाची एक बाई निघाली, ती म्हणाली, माझ्या गाडीला लागलं तर मी पोलिसात जाईन. मी म्हटलं, जाइए, लेकिन पहले कम करवाइए. एक माणूस नुसता हसला आणि म्हणाला, मुझे शक था.

दहा झाले. अकरावा फुजैराचा, हमद, बग्गी निळी. त्याचा फोन बंद लागतो. हिलरी म्हणतो, सगळ्यात जास्त दाब त्याचाच लावलाय, चौदा. तहाशेठनी त्यांच्या ओळखीने विचारून पाहिलं, सईदनेही फुजैरात निरोप ठेवलाय, हे आम्हाला मागाहून कळलं. निळ्या बग्ग्या फुजैरात खूप आहेत.

हिलरी आता दुपारी जेवायला घरी येतो, पूर्वी वेळ नसायचा. हात धुऊन टेबलाशी बसतो. सकाळपासून मी दोनदा नंबर लावलेला असतो.

"लागला?" तो विचारतो.

त्याला दिसेल अशी मी समोर येते, नाही म्हणते, आणि भात वाढते.